एका पावसाळ्याएवढे भविष्य

पूर्वीच्या लोकांनी भविष्यकाळ कसा कल्पिला होता याची तपासणी करणारे लेख आमच्याकडे वरचेवर निघतात, आणि त्या सर्वांची रीत एकच असते. लेखक पेन्सिल घेऊन परीक्षकाच्या खुर्चीवर बसतो. अमक्याने विमान ओळखले, त्यास एक गुण. तमक्याने जगबुडी सांगितली, ती झाली नाही, त्यास शून्य. अखेर बेरीज होते, आणि लेखक व वाचक उभयतां प्रसन्न होतात, कारण या परीक्षेस आपण स्वतः बसलेले नसतो. ही रीत आम्हांस केवळ उथळ वाटती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ती अन्यायाची वाटते. आणि तो अन्याय कोणावर होतो हे सांगावयाचे म्हणजे पुण्यामुंबईचा वाचनकक्ष सोडून थोडे दूर गेले पाहिजे.

जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत धावडा नावाचे गाव आहे. पलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो. या टापूत पुढील काळाची कल्पना करण्याचे दिवस ठरलेले आहेत. पाडव्यास पंचांग उघडून संवत्सरफल वाचावयाचे: यंदा राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा अधिपती कोण, आणि मृगाचे वाहन बेडूक आहे की कोल्हा. त्यानंतर अक्षय्यतृतीया. त्या दिवशी बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे शेतात घट मांडतात, आणि वऱ्हाड, खानदेश व मराठवाडा या तिन्ही मुलखांतील शेतकऱ्यांचे कान तिकडे लागतात. वर्तुळाच्या कडेने अठरा धान्ये ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची; त्यांवर पाण्याची घागर; घागरीवर पुरी, पापड, भजे, कुरडई; आणि पानाचा विडा, तो राजाचा. रात्र जाऊ देतात. सूर्योदयापूर्वी पाहणी होते: कोणते ढेकूळ किती भिजले, कोणता दाणा जागचा हलला, विडा जागेवर आहे की सरकला, यांवरून वर्षाचे भाकीत सांगतात.

हे शास्त्र आहे काय? मुळीच नाही. घागरीचे पाणी ज्या बाजूस झिरपेल ते ढेकूळ भिजेल, आणि वारा सुटला किंवा मुंग्या लागल्या की ज्वारीचा दाणा हलेल. त्यावरून श्रावणातल्या पावसाचा अदमास निघत नाही. हे आम्ही आडपडदा न ठेवता म्हणतो, कारण लोकपरंपरेच्या नावाखाली खोट्यास खरे म्हणण्याची जी नवी टूम निघाली आहे तीही आम्हांस मान्य नाही. पण उत्तरे खोटी ठरली म्हणून प्रश्नांकडेही पाहावयाचे नाही काय? पाऊस किती, एवढाच प्रश्न तेथे नाही. तो कोणत्या महिन्यात, हा आहे. पीक येईल की नाही, एवढाच नाही. अठरांपैकी कोणते येईल आणि भाव राहील काय, हा आहे. त्यात भादलीचा दाणा रोगराईसाठी राखून ठेवला आहे. शेवटी, राजा स्थिर आहे काय? एका कुटुंबाचे वर्ष ज्या ज्या गोष्टींवर उलटते, त्यांपैकी फारच थोड्या या वर्तुळाबाहेर राहिल्या आहेत.

आमचे सुशिक्षित येथे हवामानखात्याचे नाव पुढे करतील. अवश्य करावे. त्या खात्याची स्थापना १८७५ ची. आणि हिमालयावरील बर्फ पाहून मोसमी पावसाचे रीतसर अनुमान सांगण्याचा प्रघात ब्लॅनफर्डसाहेबांनी १८८६ साली पाडला. आजही पहिला अंदाज एप्रिलात, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्याच सुमारास येतो, आणि तो देशाच्या दीर्घकालीन सरासरीच्या टक्केवारीत असतो. त्यामागील विद्या खरी आहे, यात शंका नाही. परंतु धावड्याचा शेतकरी सरासरीवर पेरणी करीत नाही. त्यास हवे असते ते जुलैतील ओढीचे दिवस आणि दुबार पेरणीचा धोका. जिल्हावार व आठवड्यावार अंदाज आता मिळतात हे न्यायासाठी नमूद केले पाहिजे. तथापि बियाण्यासाठी कर्ज काढण्याचा निर्णय त्यांच्या पुष्कळ आधी घ्यावा लागतो.

मग आक्षेप येतो तो निराळा: या लोकांचे भविष्य इतके आखूड का? एक पावसाळा, फार तर एक वर्ष! याउलट लोकहितवादींकडे पाहा, असे सांगतात. १८४८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त शतपत्रे लिहू लागले, आणि हिंदुस्थानच्या लोकांचे पार्लमेंट असावे ही कल्पना त्या पत्रांत त्यांनी मांडली. त्यांच्या थोरवीस आम्ही रतिमात्र कमीपणा आणू इच्छीत नाही. परंतु त्यांना इंग्रजी येत होते, सरकारी नोकरी होती, आणि लिहिलेले छापणारे पत्र होते. धावड्याचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याच्या कचेरीची भाषा अखेरच्या साठ-सत्तर वर्षांत उर्दू होती. ज्या कागदावर आपल्या जमिनीचा निकाल लिहिला आहे तो कागदच ज्यास वाचता येत नाही, त्याने शंभर वर्षांपुढचे चित्र रंगवावे कशाच्या आधारावर? सावकाराचा हिशेब वर्षाने होई. त्याचे भविष्यही वर्षाचे झाले. यास कल्पनादारिद्र्य म्हणणाऱ्याने आधी आपल्या मासिक पगाराचा आपल्या दूरदृष्टीशी काय संबंध आहे ते तपासावे.

शिवाय ही दूरदृष्टी तरी केवढी? फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह एका राशीत आले, तेव्हा प्रलयाच्या भयाने देशभर यज्ञ झाले. त्यांच्या वर्गण्या देणारे आणि मंडपात बसणारे सगळेच काही निरक्षर नव्हते.

शेतकऱ्यास एका मोसमाहून लांब भविष्य असू शकते, ही गोष्ट ज्याने मनावर घेतली असा पुरुष महाराष्ट्रात झाला, पण परीक्षकांच्या यादीत त्याचे नाव क्वचित येते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. लष्करातील व पोलिसांतील फाजील शिपायांकडून ताली-बंधारे घालवावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यास जाईल. शेतकऱ्यांच्या मुलांस शेतीचे शिक्षण मिळावे. अशा मागण्या त्यात आहेत. पाणाड्यांकडून भूमीतील झरे शोधवून घ्यावेत असेही आहे, आणि येथे आमचा परीक्षक पाणाडे हे शास्त्र नव्हे म्हणून अर्धा गुण कापील! कापो बापडा. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एक घर आहे: त्यात आई बुद्धधर्मी, बाप ख्रिस्ती, मुलगी महंमदी आणि मुलगा सत्यधर्मी, आणि चौघे एकमेकांचा द्वेष न करता एका छताखाली नांदतात. आकाशात उडणारे यंत्र कल्पिणारे पुष्कळ झाले. असे घर कल्पिणारे किती झाले ते सांगा.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात ठिकठिकाणी पाझर तलाव व बंधारे झाले. म्हणजे फुल्यांचे भाकीत खरे ठरले, असे कोणी म्हणेल तर त्यास सांगितले पाहिजे की ते भाकीत नव्हते, मागणी होती. आणि ती मागितली तशी पुरी झालीच नाही. ती माती शिपायांनी उपसली नाही. उपाशी बायाबापड्यांनी रोजमजुरीवर, डोक्यावर पाट्या घेऊन उपसली, आणि तीही त्यांच्या विहिरी आटल्यानंतर.

येत्या अक्षय्यतृतीयेस भेंडवळचे भाकीत धावड्यास मोबाइलवर काही क्षणांत पोहोचेल. पूर्वी ते पायी येई. पुढे कोणी तरी विचारील, कपाशी काय म्हणते? दुसरा सांगेल, मध्यम. आणि दोघेही उठून बियाण्याच्या दुकानाकडे उधारी विचारावयास निघतील.