टीव्ही लागेना, तेव्हा आधी काय पाहावे



२०२४ सालच्या वैशाखात आत्याच्या गावी गेलो होतो. उंबऱ्यातच आत्या म्हणाली, "आलास ते बरं झालं. तो टीव्ही बघ रे बाबा. चार दिवस झाले, मेला डोळाच उघडत नाही." ओसरीच्या आतल्या भिंतीवर त्रेचाळीस इंची संच टांगलेला. नातवंडांनी हट्ट करून घ्यायला लावलेला. आता तो शाळेतल्या काळ्या फळ्यासारखा गप्प होता.

आत्याचा मुलगा, म्हणजे आमचे दादा, म्हणाले, "तालुक्याहून दुरुस्तीवाला पोरगा येऊन गेला. मागचं झाकण उघडलं, पॅनेल गेलंय म्हणाला. दुरुस्तीला सव्वीस हजार सांगतोय. त्यापेक्षा नवाच घ्या म्हणाला. उद्या जाऊन आणतोच." पैसे कुठले? उन्हाळी कांद्याचे. म्हणजे खरिपाच्या बी-खताला राखून ठेवलेले.

मी टीव्हीला हात लावला नाही. वहिनींना विचारलं, "बंद पडला तेव्हा नेमकं काय झालं?" वहिनी म्हणाल्या, "भावजी, संध्याकाळची वेळ. पंखा एकदम भणभणायला लागला, आता उडतोय की काय वाटलं. मग टीव्हीतनं फट्ट आवाज आला आणि जळका वास." "आणि शेजारी?" "त्यांचं उलटंच. त्यांची घरघंटी चालू होती, ती गुरगुरत बसली. पंखाही मंदावला. आता वारा सुटला की आमचे दिवे मिचकतात."

दुखणं टीव्हीचं नव्हतं, तारेचं होतं. नवा संच आणून त्याच खटक्यावर लावला असता तर तोही पहिल्याच्या वाटेने गेला असता. हे नीट समजून घ्या. गावोगावी दर वर्षी टीव्ही, फ्रीज आणि मोबाईलचे चार्जर याच एका कारणाने जळतात, आणि लोक बोल लावतात कंपनीला.

डीपीपासून गावात तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा येतात. आपल्या घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो. त्यांच्यामध्ये २३० व्होल्टचा दाब असतो. पण दोन फेजच्या मध्ये तोच दाब ४०० व्होल्टच्या घरात असतो. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही बिघडत नाही. तो खांबावर ढिला झाला किंवा तुटला, की एका फेजवरची घरं आणि दुसऱ्या फेजवरची घरं एकाच माळेत ओवल्यासारखी होतात, आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणीही सारखी नाही. ज्याच्याकडे घरघंटी, हिटर असं जड काम चालू, त्याला कमी दाब. ज्याच्याकडे नुसता टीव्ही आणि दोन दिवे, त्याला जास्त. गरीब बिचाऱ्या टीव्हीने काही न करता मार खायचा, असा हा न्याय.

पूर्वी पिवळे बल्ब होते, ते लख्ख पेटले की म्हातारं माणूसही ओळखायचं की होल्टेज वाढलंय. एलईडी दिवे बराच वेळ तसेच पेटत राहतात, फार तर मिचकतात. म्हणून आता खूण पंख्यावरून घ्यायची. पंखा आपोआप जोरात फिरू लागला, आणि शेजारी विचारलं तर तिकडे मंदावलेला आहे, तर दुसरं काही न बघता मेन स्विच पाडायचा. टीव्हीचं बटण शोधत बसायचं नाही. गल्लीत हाक मारून शेजाऱ्यांनाही पाडायला सांगायचं, आणि वायरमनला किंवा १९१२ या क्रमांकावर कळवायचं.

इथे एक विनंती हात जोडून करतो. डीपीवर किंवा खांबावर आपण चढायचं नाही. आपल्या गावांत बांबूला तार बांधून फ्यूज टाकणारे बहाद्दर असतात. "मी नेहमीच टाकतो," असं प्रत्येक जण सांगतो. घरात अंधार चार तास राहिला तर राहू द्या.

दादांनी वायरमनला बोलावलं. तो चढला आणि खाली येऊन म्हणाला, "न्यूट्रलचा जंप जळून धाग्यावर आला होता." त्याने तो नवा बांधला. टीव्ही आम्ही दुसऱ्या कारागिराकडे नेला. पॉवर सप्लायच्या कार्डावर वीज आत शिरते त्या तोंडाशीच एक फ्यूज आणि बटणासारखा एक चपटा तुकडा असतो, त्याला व्हॅरिस्टर म्हणतात. दाब वाढला की तो स्वतः मरतो आणि फ्यूज उडवून पुढच्याला वाचवतो. तेवढे दोनच भाग गेले होते. साडेसहाशे रुपयांत चित्र आलं. प्रत्येकाचं नशीब असं नसतं, हेही सांगतो. पुष्कळदा ते अख्खं कार्ड जातं, कधी त्याच्या पुढचंही. पण पॅनेल गेलं म्हणणाऱ्या पोराने ते कशावरून ठरवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता तुमच्या घरी टीव्ही लागला नाही तर काय पाहायचं ते सांगतो. आधी एक जुनी सवय सोडा. १९८० च्या सुमारास ग्रामपंचायतीत किंवा एखाद्या वाड्यात जो डबा टीव्ही असायचा, त्याला बाजूने एक थाप मारली की चित्र यायचं. आतले डाग सुटलेले असत, ते थापेने क्षणभर जुळत. आम्ही 'आमची माती आमची माणसं' असंच थापा मारून पाहिलेलं आहे, एक जण आत आणि एक जण कौलावर अँटेना फिरवत, "आलं का?" विचारत. आताच्या पातळ संचाला थाप मारलीत तर काच तडकेल, आणि मग खरोखरच पॅनेल जाईल.

टीव्हीच्या खालच्या कडेला बारीक लाल दिवा असतो. सगळी परीक्षा त्याच्यापासून सुरू करायची.

लाल दिवा लागतच नसेल तर संचापर्यंत वीज पोचते का ते बघा. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावा. चार्ज होत नसेल तर टीव्ही निर्दोष आहे, बोर्ड तपासा. घरात टेस्टर असेल आणि तो सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटत असेल, तर फेज आहे पण न्यूट्रल तुटलेला आहे, असा बहुधा त्याचा अर्थ. मग तिथे हात घालू नका, वायरमनला दाखवा. पुष्कळ घरांत टीव्ही, डबा, चार्जर आणि देव्हाऱ्यातली माळ असं सगळं एकाच एक्स्टेंशनवर असतं, आणि त्या बोर्डाच्या पत्त्या ढिल्या झालेल्या असतात. टीव्ही सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा. काही संचांची वायर मागच्या बाजूने निघते. केर काढताना, जळमटं झाडताना ती अर्धी बाहेर येते आणि वरून दिसत नाही. ती काढून पुन्हा घट्ट बसवा, पण आधी खटका बंद करून. सॉकेटच्या भोकात मुंग्या असतात, कुंभारीण माशी मातीचं घर करते, उंदीर वायर कुरतडतात. वायरीचं साल निघालेलं दिसलं तर चिकटपट्टी न गुंडाळता वायर बदला.

लाल दिवा आहे, पण रिमोट दाबला तर काही होत नाही? मग आधी रिमोटवर संशय घ्या. मोबाईलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा उजेड कॅमेऱ्यात फिकट जांभळा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. लुकलुकला नाही तर सेल बदला, दोन्ही एकदम. टीव्हीला स्वतःचंही एक बटण असतं, बहुधा खालच्या कडेला मधोमध किंवा मागे कोपऱ्यात. ते बोटाने चाचपून दाबा. तेवढ्याने टीव्ही लागला तर दोष रिमोटचाच.

बटणानेही लागत नसेल तर संचाला झोप द्या. आताच्या टीव्हीत एक छोटा संगणकच असतो, आणि वीज सारखी जाते-येते तेव्हा तो गोंधळतो. खटका बंद करून प्लग बाहेर काढा. मग टीव्हीचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाते. दहा मिनिटं थांबून पुन्हा लावा. कितीतरी 'मेलेले' टीव्ही एवढ्यावर उठून बसतात.

लाल दिवा ठराविक वेळा मिचकून थांबत असेल आणि पुन्हा मिचकत असेल, तर किती वेळा ते मोजून कागदावर लिहा. ती संचाची स्वतःची तक्रार असते. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, पण कारागिराला आकडा सांगितला तर त्याचं काम निम्मं होतं.

आवाज येतो आणि पडदा मात्र काळा, असं असेल तर रात्री दिवे मालवून बॅटरीचा उजेड पडद्यावर तिरका पाडा. आत माणसं अंधुक हलताना दिसली तर पॅनेल बहुधा शाबूत आहे, त्याच्या मागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेल्या आहेत. त्या बदलता येतात, आणि पॅनेलच्या मानाने खर्च पुष्कळ कमी. हे माहीत नसल्यामुळे चांगले संच भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

आणि पडद्यावर काही अक्षरं येत असतील, सिग्नल नाही अशा अर्थाची, तर बाबांनो, टीव्ही लागलेला आहे. छत्रीचा डबा बंद असेल, नाहीतर रिचार्ज संपला असेल. आमच्या आत्याने एकदा यासाठी दादांना रानातून बोलावून घेतलं होतं.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते तिथे टांगलेला संच पुष्कळ दिवसांनी लावायचा असेल, तर आधी खोली उघडून हवा खेळू द्या. घाम आल्यासारखा ओलावा दिसला तर त्या दिवशी लावूच नका.

झाकण मात्र घरी उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज काही वेळ साठून राहते. घरातल्या आयटीआयला जाणाऱ्या पोराला हे आवर्जून सांगा, कारण हौस त्यालाच फार असते.

कारागीर बोलावण्याआधी वॉरंटीचा कागद काढा. मुदत असेल तर बाहेरच्या माणसाला झाकण उघडू देऊ नका, कंपनी मग अंग काढून घेते. मुदत संपली असेल तर कारागिराला तीन गोष्टी सांगा: कुठला भाग गेला ते लिहून दे, किंमत आधी सांग, जुना भाग आम्हाला परत दे. सरळ माणूस याला नाही म्हणत नाही. "पॅनेल गेलं" म्हणाला तर "दाखव" म्हणा. पॅनेल तडकलं असेल तर डोळ्यांना दिसतं. तडा नाही, पट्टे नाहीत, आणि लाल दिवाही लागत नाही, अशा वेळी पहिला संशय पॉवर सप्लायवर घ्यायचा असतो. कंपनीकडून किंवा दुकानातून फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे. पावती हवीच, म्हणून बिल न घेता शे-दोनशे वाचवू नका.

स्टॅबिलायझर घ्यावा का, हे दादांनीही विचारलं. संचाच्या मागे चिकटवलेली पट्टी वाचा. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल, तर मोटारी सुरू झाल्यावर दाब उतरतो त्याची या टीव्हीला फारशी फिकीर नसते. जिथे गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा झालेला नाही तिथेही तो चालतो. त्याला भीती आहे ती चढत्या दाबाची. म्हणून घ्यायचाच तर दाब चढल्यावर वीज तोडणारा घ्या, आणि तो तोडतो का हे दुकानदाराला विचारून घ्या. सर्जवाली पट्टी क्षणभराचा झटका झेलते. न्यूट्रल तुटून मिनिटंच्या मिनिटं ४०० व्होल्ट येत राहिले तर ती स्वतःच जळते.

वळवाच्या पावसातली विजेची गोष्ट वेगळी. तिथे पट्टीही नाही आणि स्टॅबिलायझरही नाही. ढग भरून आले की प्लग काढायचा, आणि छत्रीची वायर डब्यातून सोडवायची. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. प्लग काढलेला असतो, पण छत्री पत्र्यावर उघड्यावर उभी, आणि तिच्या वायरीने झटका डब्यात आणि डब्यातून टीव्हीत उतरतो. वीज कडाडू लागल्यावर वायरीला हात लावायला जाऊ नका, तेव्हा उशीर झालेला असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप मोबाईलवर फुकट मिळतं, जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सूचना देतं. रानात असणाऱ्यांसाठी तर ते टीव्हीपेक्षा जास्त गरजेचं आहे.

दादांनी कांद्याच्या पैशांतून त्या वर्षी सोयाबीनचं बी आणलं, आणि उरलेल्यातून घराचं अर्थिंग नवं करून घेतलं. आत्या म्हणते, टीव्ही ठीक आहे, पण आता पंखा जरा जोरात फिरला की सून मेन स्विचकडे पळते, आणि जेवणाच्या वेळी अंधार होतो.