पर्याय कोणाच्या हाती?

प्रो कबड्डी लीगने खेड्यापाड्यांतील गरीब पोरांना लक्षाधीश केले, तेव्हा निदान समाजवाद्यांनी तरी तिच्याविरुद्ध ब्र काढू नये, असे आपलेच काही साथी अलीकडे सुनावू लागले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली, हे खरेच आहे. सेवादलाच्या शाखेवर अनवाणी हुतूतू खेळलेल्या आमच्या पिढीला त्या आकड्याने भोवळ यावी! परंतु एका शिखराची उंची सांगून पठाराचे वर्णन होत नाही. त्याच लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख होती, आणि एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून ५ कोटींहून अधिक खर्च करावयाचा नाही असे ठरलेले होते. गिरणीमालकांनी एकत्र बसून मजुरीची कमाल मर्यादा ठरविली असती, तर आपण तिला काय म्हटले असते?

खरा प्रश्न तरुण खेळाडूंचा आहे. लिलावापूर्वीच 'राखून ठेवलेले युवा खेळाडू' म्हणून त्यांना अडविण्याची मुभा संघाला असते. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेल्या अस्लम इनामदारला पुणेरी पलटणने असेच राखले, आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली विजेतेपद मिळविले. त्याला खुल्या लिलावात काय मोल आले असते? ते कळण्याची वाटच बंद होती. जो लिलावात जातो त्याच्याही बाबतीत शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन त्याला परत उचलण्याची सवलत जुन्या संघाला मिळते. असा माल आपल्या हाती लागणार नाही हे ठाऊक असलेला प्रतिस्पर्धी बोली चढवील कशाला? अर्थशास्त्र याला ग्राहक-मक्तेदारी म्हणते; आमचे मित्र मात्र तिलाच खुला बाजार म्हणतात.

अमेरिकेतील बास्केटबॉलचे उदाहरण त्यांनी पाहावे. तेथेही एकेकाळी करारातील पर्यायाचे कलम खेळाडूला एकाच मालकाशी जखडून ठेवीत असे. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० मध्ये त्याविरुद्ध दावा लावला, आणि १९७६ च्या तडजोडीत ती बेडी सैल झाली. आजही पहिल्या फेरीत निवडलेल्या नवोदिताच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा पर्याय संघाच्याच हाती आहे. भांडवलशाही तेथे संपलेली नाही. पण पहिल्या दोन वर्षांचे वेतन हमीचे असते, निर्णयाची मुदत ठरलेली असते, आणि या अटी संघटनेने मालकांसमोर बसून ठरविलेल्या असतात.

उद्या भोर तालुक्यातील आंबवड्याचा एखादा पोरगा बालेवाडीपर्यंत पोहोचला, तर त्याच्या बाजूने असे कोण बसणार? गुडघा निकामी झाला तर उरलेल्या वर्षांचे काय, हे त्याने कोणाला विचारावे? गिरण्यांतील बदली कामगार रोज सकाळी दारावर उभा राहून काम मिळते का पाहत असे. या पोराचे दार वातानुकूलित आहे, एवढाच फरक.

लीग बंद करा, असे माझे म्हणणे नाही. ती मागणी करणे शुद्ध वेडगळपणा ठरेल. पर्याय उभयपक्षी असावा, दुखापतीच्या काळातील वेतन करारात लिहिलेले असावे, आणि खेळाडूंची संघटना मान्य व्हावी, यासाठी पक्षाच्या कामगार आघाडीने हालचाल केली पाहिजे. भोर आणि राजगड तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आरंभ तरी करावा. कोणा पोराच्या हाती असा करार पडलाच, तर सही होण्यापूर्वी तो मराठीत उतरवून त्याच्या आईबापांसमोर मोठ्याने वाचावा.