हरण्याची तालीम
जानेवारी २०२४ मध्ये ‘टेकन ८’ हा द्वंद्वयुद्धाचा व्हिडिओ खेळ बाजारात आला आणि ‘टेकन ७’ कोळून प्यालेल्या मातब्बरांनाही पुन्हा मुळाक्षरे गिरवावी लागली. या खेळात काळ सेकंदाच्या साठाव्या भागाने मोजतात. साधा ठोसा असे १० भाग घेतो. अडविलेल्या वारानंतर प्रतिस्पर्धी १० भाग मागे पडला आणि टप्प्यात असला, तर तो ठोसा हमखास लागतो. हे आकडे सरावाच्या वेळी यंत्रच दाखविते. नवशिके ते मुखोद्गत करतात आणि स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद होतात. (परीक्षार्थींना हा अनुभव नवा नसावा!) कोणता वार केव्हा येणार, हे कोष्टकात नसते, ते समोरच्या माणसाच्या सवयींत दडलेले असते.

लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये जपान व अमेरिका येथील दोन्ही ‘इव्हो’ स्पर्धा जिंकल्या, तेव्हा जाणकार चकित झाले. वस्तुतः लाहोरच्या गेम पार्लरांत ही मंडळी वर्षानुवर्षे एकमेकांचा मार खात घडली होती. खेळ बदलला, जुनी कोष्टके रद्द झाली; तरी जुलै २०२४ मध्ये लास वेगासला ‘टेकन ८’चे विजेतेपद त्यानेच पटकाविले.

हरलेला सामना पुन्हा लावून, चुकीच्या क्षणी थांबवून, तेथून स्वतः खेळून पाहण्याची सोय नव्या खेळात आहे. बहुतेक नवशिके मात्र चडफडत पुढचा सामना सुरू करतात.