सायकलीची सहल आणि परतीचा चढ

शनिवार-रविवारची जोड सुट्टी साधून इंदूरहून सायकलीने कोठे जावे, असा प्रश्न आपल्या कुटुंबांतील तरुण मंडळी हल्ली वारंवार विचारू लागली आहेत. खेड्यातील वडीलधाऱ्यांना ह्या प्रश्नाचे हसू येते. ज्यांनी जन्मभर सायकलीला दुधाच्या किटल्या अडकवून गावे पालथी घातली, गव्हाचे पोते कॅरियरला बांधून गिरणी गाठली, त्यांना केवळ देखावा पाहण्यासाठी कोणी साठ-सत्तर किलोमीटर पॅडल मारील हे खरेच वाटत नाही. तथापि शहरात नोकरी-शिक्षणासाठी राहिलेल्या मुलामुलींना पुन्हा शेते, नदी आणि मोकळे आकाश पाहावेसे वाटले, तर त्यांत हसण्यासारखे काय आहे? उलट, मोटारीच्या काचेआडून पाहिलेल्या मुलखापेक्षा घाम गाळून पाहिलेला मुलूख मनात अधिक काळ राहतो. तेव्हा जाऊ नका असे मी सांगणार नाही. मात्र कोठे जावे ह्याच्या आधी परत कसे यावे हा प्रश्न विचारा, एवढेच माझे सांगणे आहे. इंदूरच्या बाबतीत तर हा प्रश्न दुसऱ्या कोणत्याही शहरापेक्षा अधिक निकडीचा आहे.

त्याचे कारण इंदूरच्या जमिनीत आहे. हे शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे. उत्तरेकडे पठार हळूहळू उतरत जाते. कान, क्षिप्रा, गंभीर ह्या नद्या तिकडेच वाहतात. पण दक्षिणेला तीस-चाळीस किलोमीटर गेले की पठार एकाएकी संपते. विंध्याची कड येते आणि खाली निमाडचा प्रदेश पसरलेला दिसतो. महूजवळच्या जानापाव टेकडीवर उगम पावणारी चंबळ उत्तरेकडे जाऊन यमुनेला मिळते. आणि तिच्यापासून फार दूर नसलेली चोरल नदी दक्षिणेकडे उडी घेऊन नर्मदेला मिळते. एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाच्या अशा दोन वाटा होतात.

आता गंमत अशी की, इंदूरभोवतीची जी जी स्थळे सुंदर म्हणून नावाजलेली आहेत, ती बहुतेक ह्या कडेवर किंवा कडेखाली आहेत. पाताळपाणी, तिंछा, चोरल, जाम दरवाजा, ओंकारेश्वर, महेश्वर ही सारी दक्षिणेची. म्हणजे शनिवारी सकाळी ताज्या पायांनी उतार, आणि रविवारी दुपारी थकलेल्या पायांनी चढ. डोंगराच्या पायथ्याच्या गावातून निघणाऱ्याला आधी चढ लागतो आणि परतताना उतार मिळतो; इंदूरकराचे नेमके उलटे आहे. नर्मदेकाठचे महेश्वर दीडशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. इंदूरला परतायचे म्हणजे निदान चारशे मीटर वर यायचे. कुतुबमिनारासारखे पाच मिनार एकावर एक रचले तरी हा चढ पुरा होत नाही. नकाशावर अंतर दिसते, पण हा चढ दिसत नाही. आणि माणसे नकाशा पाहून बेत ठरवतात.

आगगाडीलासुद्धा ही कड सोपी गेली नाही. इ. स. १८७० च्या सुमारास दुसरे तुकोजीराव होळकर ह्यांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले आणि खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली. कालाकुंड ते पाताळपाणी ह्या टप्प्यात रुळांचा चढ चाळीसास एक असा आहे. म्हणजे चाळीस पावले पुढे जाताना एक पाऊल वर. खालून येणाऱ्या गाडीला येथे जादा इंजिन जोडावे लागे. जेथे इंजिनाला मदतनीस लागला, तेथे कॅरियरवर पिशवी बांधलेल्या आपल्या पोरांनी गर्व करू नये हे बरे!

ह्या साऱ्या वाटांमध्ये माझी सर्वांत आवडती वाट महूवरून जाम दरवाजाकडे जाते. इंदूर ते महू सुमारे तेवीस किलोमीटर. महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर असे झाले, कारण बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी तेथेच झाला. त्यांच्या जन्मस्थळी आता स्मारक उभे आहे आणि तेथे थोडा वेळ थांबणे योग्य होईल. छावणीच्या भागात जुन्या झाडांची दाट सावली आहे. महू सोडून मंडलेश्वरच्या रस्त्याला लागले की रहदारी विरळ होते. बडगोंद्याच्या पुढे शेते मागे पडतात, सागवानाचे रान सुरू होते, रस्ता वर-खाली होत जातो, आणि पंचवीस-एक किलोमीटरनंतर डोंगराच्या अगदी ओठावर दगडी दरवाजा उभा दिसतो. अहिल्याबाई होळकरांनी तो १७९१ साली बांधविला. माळव्यातून त्यांच्या राजधानीकडे, महेश्वरकडे, उतरणारा हा घाट. त्याच्या माथ्यावर हे दार. कमानीखालून पलीकडे गेले की पायाखालची जमीन सरते. खाली निमाडची शेते, आणि स्वच्छ हवेत फार दूरवर सातपुड्याची निळसर रेघ.

येथे निर्णयाची घडी येते. दरवाजापर्यंत आलेला माणूस खाली जाण्याच्या मोहात पडतोच. पुढे घाट उतरून मंडलेश्वर, तेथून नर्मदेच्या काठाने जवळच महेश्वर. सारे मिळून इंदूरपासून सुमारे नव्वद किलोमीटर. महेश्वरचा घाट संध्याकाळच्या उन्हात पाहण्यासारखा आहे, हातमागांची खटखट ऐकण्यासारखी आहे, ह्यात शंका नाही. पण ज्यांना रोज दूर अंतर सायकल चालवण्याचा सराव नाही, त्यांनी दोहोंपैकी एक गोष्ट आधीच ठरवावी. एक तर शनिवारी महूला मुक्काम करावा, रविवारी पहाटे दरवाजा गाठावा आणि तेथूनच मागे फिरावे. नाहीतर खाली उतरावे, महेश्वरला रात्र काढावी आणि रविवारी बसने वर यावे. सायकली टपावर घ्यावयाच्या तर वाहकाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे. ‘जमले तर चढू, नाही तर बघू’ हा बेत नव्हे. असे म्हणणारी मंडळी दुपारी दोनला घाटाच्या मध्यावर बसलेली आढळतात, बाटल्या रिकाम्या झालेल्या असतात आणि जवळपास हापसा नसतो.

उतरणीबद्दलही दोन शब्द. साध्या सायकलीचा ब्रेक घाटभर दाबून धरला तर रबर झिजते, रिम तापते आणि नेमक्या वळणावर ब्रेक धरत नाही. म्हणून दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. मागचा आधी, पुढचा हलक्या हाताने. निघण्यापूर्वी चारही रबरे नवी घालावीत. त्यांना फार पैसे पडत नाहीत.

पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी जाम दरवाजावर मोटारींची जत्रा असते. देखावा हवा असेल तर सूर्य वर येण्यापूर्वी पोहोचावे. नाहीतर कणसे भाजणाऱ्यांचा धूर तेवढा दिसेल.

खंडव्याच्या रस्त्याने सायकलीवर ओंकारेश्वरला जाण्याचा बेत मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. त्या वाटेवरील भेरूघाटातील वळणे अवघड आहेत आणि अवजड मालमोटारींची रांग तुटत नाही. धर्मकार्याला निघालेला असो की हवा खायला निघालेला, वळणावर ट्रकवाल्याला सायकल दिसेलच असे नाही. ओंकारेश्वर पाहावयाचे असेल तर बसने जा.

पाताळपाणीविषयी अधिक गांभीर्याने लिहिणे भाग आहे. महूपासून ते अगदी जवळ आहे, रस्ता सायकलीला सोसणारा आहे, आणि चोरल नदीचे पाणी तीनशे फूट खाली कोसळते ते पाहून छाती दडपते. २०१८ च्या डिसेंबरापासून पाताळपाणी ते कालाकुंड अशी जुन्या अरुंद रुळांवरची सहलीची गाडी सुरू झाली. ती बारा महिने धावत नाही, म्हणून निघण्यापूर्वी स्टेशनात चौकशी करावी. पण २०११ च्या जुलैमध्ये ह्याच धबधब्याच्या माथ्यावर एक कुटुंब पाण्याच्या मध्ये उभे असताना अचानक लोंढा आला आणि ती माणसे सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. हे कसे घडते ते आपल्या मुलांना नीट समजावून सांगा. धबधब्यावर ऊन असते, आकाश निरभ्र असते. पाऊस पडलेला असतो वर, काही कोसांवर. खडकाळ भूमी ते पाणी शोषीत नाही, आणि घोट्याएवढा ओहोळ काही मिनिटांत छातीएवढा होतो. नितळ पाणी गढूळ झाले, पाण्यावर पालापाचोळा व काटक्या वाहत आल्या, वरून घरघर ऐकू आली, की चपला शोधीत न बसता काठ गाठावा. त्याहून उत्तम म्हणजे पावसाळ्यात पात्रात उतरूच नये. कठड्यामागून धबधबा जितका दिसतो तितका पुरे आहे.

लहान मुले, आई-मावशी किंवा साठी उलटलेले काका बरोबर असतील, तर दक्षिण दिशा सोडा आणि वायव्येला वळा. गांधीनगरवरून हातोद, आणि तेथून गुलावट. पंचवीस-तीस किलोमीटरांचा हा सपाट रस्ता आहे. गुलावटला यशवंतसागराच्या पसरलेल्या पाण्यात कमळे फुलतात आणि काठाला बांबूचे बन आहे. गंभीर नदीवर बांधलेला हा जलाशय होळकरांच्या काळचा. २०२२ साली त्याची, तशीच इंदूरच्या सिरपूर तलावाची, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नोंद झाली. येथील शेतांत सारस पक्ष्यांची जोडी दिसण्याचा संभव असतो. माणसाच्या छातीपेक्षा उंच, लाल डोक्याचा हा पक्षी दिसला तर सायकल आडवी टाकून उभे राहावे. जवळ जाण्याचा प्रयत्न करू नये. ज्यांना पुढे जाण्याची उमेद आहे त्यांनी देपालपूरला मुक्काम करावा व दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परतावे. ही वाट नावाजलेली नाही, म्हणूनच ती मला मोलाची वाटते. कोणाला उतरून ढकलावे लागत नाही, सर्वांत मागच्या माणसाची वाट पाहावी लागली तरी झाडाखाली पाहता येते, आणि रविवारी संध्याकाळी सारे कुटुंब एकमेकांशी बोलत घरी येते.

मार्ग निवडताना आणखी एक गोष्ट पुरुष मंडळी हमखास विसरतात. मुलींना आणि बायकांना रस्त्यात कोठे थांबता येईल? रान सुंदर असते, पण दोन-दोन तास शौचालय मिळत नाही, आणि बिचाऱ्या लाजेने पाणी पिणेच सोडतात. उन्हात हे आजाराला आमंत्रण आहे. पेट्रोलपंप, शाळा, ओळखीचे घर कोठे आहे हे आधी लिहून काढावे आणि त्याप्रमाणे टप्पे पाडावेत. त्यासाठी वाट चार किलोमीटरांनी लांबली तरी चालेल. रविवारच्या मिस्सेची वेळही मुक्कामाच्या जवळच्या चर्चमध्ये आधीच विचारून ठेवावी. ऐनवेळी धावपळ नको.

ऋतूचे म्हणाल तर पाऊस ओसरल्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनची हिरवळ डोळे निववते खरी, पण डांबरी सोडून कच्च्या वाटेला लागू नका. माळव्याची काळी माती ओली झाली की चाकाला अशी चिकटते की मडगार्डमध्ये लगदा भरून चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पौष-माघात गहू-हरभरा उभा असतो, पहाटे मात्र बोटे गारठतात, हातमोजे न्यावेत. फाल्गुनात विंध्याच्या उतारावर पळस पेटतो. त्या पंधरवड्यात जाम दरवाजाची वाट पाहिली नाही त्याने ती पाहिली नाही असेच मी म्हणेन. वैशाखात घरीच बसावे.

अंधारात सायकल चालवू नये. माळव्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना चाललेल्या वा उभ्या असतात. साधी सायकल सामानासह तासाला बारा किलोमीटर, चढावर सहा, असा हिशेब धरून विश्रांतीचा वेळ त्यात मिळवावा. महूकडून परतणाऱ्यांनी रविवारी दुपारी चारच्या आत राऊ ओलांडलेले असावे. त्यानंतर सहलीहून परतणाऱ्या साऱ्या मोटारी एकदम त्या रस्त्यावर येतात. उशीर झालाच तर महू स्टेशन जवळ आहे. सायकलीची पावती करून इंदूरची गाडी पकडावी.