ठासणीचे गणित

चिंचपोकळीला सकाळची लोकल आली की फलाटावर कुणीतरी म्हणतेच, 'ठासून भरली आहे!' ज्या क्रियापदाने आपण गर्दी सांगतो, त्यावरूनच ठासणीच्या बंदुकीचे नाव पडले. गिरणगावात कोकणातून आलेल्या अनेक घरांना ही बंदूक परिचित होती; रानडुकरांपासून भात राखण्यासाठी ती परवान्यावर मिळे.

मित्रहो, आपण बंदुकीची नावे, सनावळ्या आणि कारागीर यांवर तासन्‌तास वाद घालतो. नळीत काय आणि किती भरले जाई, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते नेमबाजीचा निम्मा इतिहास तिथेच आहे.

दारू मोजून ओतायची, वर बोळा ठासायचा, मग गोळी किंवा छर्रे. मापात किंवा ठासण्याच्या जोरात फरक पडला की गोळीचा वेग बदले आणि नेम ढळे. दमट हवेने दारू सर्दावली तर बार फुसका! मुरलेला शिकारी म्हणूनच नजरेइतकाच मापावर विसंबे.

हेच माप १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीसाठी कारखान्यात बांधले गेले: सुमारे साडेचार ग्रॅम दारू, चौतीस ग्रॅमची बुडाशी पोकळ गोळी, भोवती कागद. कागदी काडतूस दाताने फाडणे शिपायांना नवे नव्हते. नवे होते ते नळीतले आटे. काजळीने ते बुजू नयेत आणि गोळी सहज उतरावी, म्हणून वंगण हवे. तिथे चरबी आली. जानेवारी १८५७ मध्ये सरकारने शिपायांना स्वतःचे वंगण लावण्याची मुभा दिली. तेव्हा संशय थेट चकचकीत कागदावर गेला. याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गोष्ट तोंडात धरायची आणि तिच्यात काय आहे ते दुसऱ्याने ठरवायचे, हा प्रश्न विश्वासाचा होता. त्याच वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरात २७ वी मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्री उठली. काडतुसाची गोष्ट सांगताना आपण बराकपूर आणि मेरठवरच थांबतो.

पुढे १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि धातूच्या काडतुसाने ठासणीचे दिवस संपवले, निदान लष्करात तरी. कोकणात ती बंदूक कितीतरी पुढेपर्यंत टिकली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे गोडवे गाण्याचे कारण उरलेले नाही, आणि ते मला गायचेही नाहीत. पण चाळीतले एखादे आजोबा अजून सांगू शकतील की माप कशाचे असे, बोळा काथ्याचा की कापडाचा. या गणपतीत गावी जाल तेव्हा विचारा, आणि लिहून ठेवा.