ताऱ्यांची अरबी नावे आणि आपला अभिमान

ताऱ्यांना अरबी नावे आहेत, हे सांगताना आपल्या लोकांची मान ताठ होते. ते साहजिकच आहे. तिमिंगल तारकासमूहातला ‘मेनकर’ म्हणजे अरबी ‘मिन्खर’, नाकपुडी. ‘देनेब कैटोस’ म्हणजे ‘जनब कैतूस’, त्या जलचराची शेपटी. उर्दूच्या तासाला मी हे मुलांना आवडीने सांगते. पण अभिमान नावांपाशीच थांबला, तर त्याचा मुलांना उपयोग काय?

याच तारकासमूहात मेसिए ७७ ही सर्पिल दीर्घिका आहे, आपल्यापासून साडेचार कोटींहून अधिक प्रकाशवर्षे दूर. १७८० साली मेशँ या फ्रेंच निरीक्षकाला ती धूसर डागासारखी दिसली. १९०८ मध्ये फाथ यांना तिच्या वर्णपटात तापलेल्या वायूच्या तेजस्वी रेषा आढळल्या. १९४३ मध्ये कार्ल सायफर्ट यांनी अशा सहा दीर्घिकांचा अभ्यास मांडला. त्यांच्या केंद्राजवळचा वायू प्रचंड वेगाने धावत होता.

पुढे एक कोडे उभे राहिले. काही सायफर्ट दीर्घिकांत सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाच्या वायूच्या रुंद रेषा स्पष्ट दिसत. मेसिए ७७ मध्ये त्या दिसत नव्हत्या. मग ही वेगळ्या जातीची म्हणायची का? १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी तिचा ध्रुवित प्रकाश, म्हणजे वायूवर आदळून आपल्याकडे वळलेला प्रकाश, वेगळा काढून तपासला. त्यात रुंद रेषा होत्या! केंद्र धुळीच्या जाड कड्याआड लपले होते. दाराआडचा दिवा दिसत नाही, पण समोरच्या भिंतीवरचा त्याचा उजेड दिसतो, तसेच हे. त्या केंद्रात सुमारे एक कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. तिथून वायूचे झोत बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या कड्यात नवे तारे जन्मतात.

डाग दिसल्यापासून पडद्यामागचा दिवा सापडेपर्यंत दोनशे वर्षे लागली. इतका काळ माणसे पिढ्यान्‌पिढ्या तपासत राहिली.

आपल्याकडे मात्र असा शोध लागला की दुसऱ्या दिवशी मोबाईलवर संदेश फिरतो: ‘हे आमच्याकडे आधीच सांगितलेले आहे.’ शेजारच्या मोहल्ल्यातही त्यांच्या ग्रंथांबद्दल हेच चालते. माझा आक्षेप श्रद्धेला नाही, या आळसाला आहे. शोध दुसऱ्याने लावायचा आणि आपण मागून शिक्का मारायचा, याने मुले प्रश्न विचारायला शिकत नाहीत. उत्तर घरातच आहे म्हटल्यावर दुर्बिणीला डोळा कोण लावणार?

अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी असे केले नाही. टॉलेमीची तारकासूची त्यांच्या हाती होती. तरी त्यांनी ताऱ्यांची तेजस्विता स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा पाहिली आणि इ.स. ९६४ च्या सुमारास आपला ग्रंथ सिद्ध केला. देवयानी दीर्घिकेची त्यांनी केलेली ‘लहानसा ढग’ ही नोंद आजही सांगितली जाते. थोरांचा आदर राखूनही पडताळणी करता येते, हा त्यांचा खरा वारसा.

पुणे जिल्ह्यात खोडदला तीस मोठ्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. आपल्या शाळांतली मुले तिथे सहलीला जावीत आणि त्यांतली काही उद्या तिथे कामाला लागावीत. पूर्वजांनी ताऱ्यांना नावे दिली, हे त्यांना जरूर सांगू. पण पूर्वज रात्र-रात्र जागून आकाश पाहत होते, हे आधी सांगू.