नुसते ‘डीएलसी’ लिहून भागणार नाही

डीएलसी केलेले भाग नापास होऊन परत येतात, या वाचकांच्या तक्रारी वाढल्या आहेत. बहुतेक पत्रांत पर्चेस ऑर्डरचा मजकूर सारखाच आहे : ‘डीएलसी, २ मायक्रॉन, किमान २००० एचव्ही.’ या ओळीने काय मागवले, हे मागवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. ॲसिटिलीनच्या प्लाझ्मातून बसवलेला हायड्रोजनयुक्त ए-सी:एच आणि ग्रॅफाइट कॅथोडच्या फिल्टर्ड आर्कमधून आलेला टीए-सी हे दोन्ही डीएलसीच. पण पहिल्याचे काठिण्य साधारण १० ते ३० गिगापास्कल, तर दुसऱ्याचे ४० च्या पुढे. पहिला कोरड्या नायट्रोजनमध्ये घर्षण विलक्षण कमी करतो, पण दमट हवेत ते वाढते आणि ३००-३५० अंशांपुढे त्यातला हायड्रोजन निघू लागतो. दुसरा तापमान जास्त सोसतो, पण आतल्या दाबताणामुळे जाडी वाढवताच पापुद्रा धरतो. काम कोणते हे न सांगता यांतला एक मागवायचा आणि तो टिकला नाही की कोटिंगवाल्याला धरायचे, असा हा प्रकार आहे.

त्यावर कडी तपासणीची. माल घेताना मायक्रो-व्हिकर्सवर ५० ग्रॅम भार लावून एचव्हीचा आकडा मागितला जातो. २००० एचव्हीला ठशाचा कर्ण सुमारे ६.८ मायक्रॉन आणि खोली जवळपास १ मायक्रॉन येते. म्हणजे थराची निम्मी जाडी भेदून आपण बरेचसे खालचे पोलादच मोजतो. जाडीच्या दहाव्या भागापलीकडे जायचे नाही, हा नियम पाळायचा तर भार २ ग्रॅमच्या आसपास हवा. तेव्हा कर्ण जेमतेम १.४ मायक्रॉनचा होतो आणि दुकानातल्या मायक्रोस्कोपवर तो भरवशाने वाचता येत नाही. परिणामी कडक बेसवरचा सुमार थर पास होतो आणि मऊ बेसवरचा उत्तम थर नापास. हे तपासणी अधिकाऱ्यांना कळत नाही असे नाही. छापील फॉर्ममधला रकाना बदलायची तसदी कोणी घेत नाही, एवढेच.

नॅनोइंडेंटर प्रत्येकाला परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण ती चाचणी प्रत्येक लॉटला लागतच नाही. प्रक्रिया मंजूर करताना आणि रेसिपी बदलल्यावर बाहेरून करून घेतली तरी पुरते. रोजच्या कामाला बॉल-क्रेटरने जाडी आणि रॉकवेलच्या ठशाभोवतीच्या भेगा पाहून चिकटपणा तपासावा. रॉकवेल यंत्र तर हीट ट्रीटमेंटच्या जवळपास प्रत्येक शॉपमध्ये असते. प्रकार उघड केला तर रेसिपी फुटेल, ही भीतीही फोल आहे. आयएसओ २०५२३ हे वर्गीकरण २०१७ पासून उपलब्ध आहे. त्यात कार्बन थराचा प्रकार सांगायचा असतो. बायस आणि गॅसचे प्रमाण कोणी विचारत नाही. रामन आलेख जोडला की एसपी-३ सिद्ध झाले, असे मानणाऱ्यांनीही सावध व्हावे. दृश्य प्रकाशातला रामन मुख्यतः एसपी-२ चेच बोलणे ऐकवतो.

दोष केवळ ग्राहकांचा नाही. काळा थर दिसला की डीएलसी म्हणून बिल फाडणारे आपल्यातही आहेत, आणि दर पाडण्याची सुरुवात तेच करतात. म्हणून पुढच्या कोटेशनपासून प्रत्येकाने थराचा प्रकार, मधला थर, जाडी, बेसचे काठिण्य आणि चाचणीची पद्धत या पाच गोष्टी स्वतःहून लिहाव्यात. ज्या ऑर्डरवर त्या नसतील, ती खुलासा मागून परत पाठवा.